न पेटणारा गिझर : घरगुती जलतापकातील बिघाडाचे निदान आणि हवेचा प्रश्न
(नाशिक शहराच्या विशेष संदर्भात)

प्रास्ताविक

युरोपातील थंड देशांत घर उबदार ठेवण्यासाठी बॉयलर आणि त्याला जोडलेल्या नळ्यांची मध्यवर्ती व्यवस्था असते. हिवाळ्यात एखाद्या सकाळी तो बॉयलर पेटला नाही तर सारे घर गारठते. महाराष्ट्रात अशा व्यवस्थेची गरज भासत नाही. तथापि नाशिकचा हिवाळा सौम्य म्हणावा असाही नाही. समुद्रसपाटीपासून सुमारे १,९०० फूट उंचीवर, सह्याद्रीच्या पूर्व उतारालगत वसलेल्या या शहरात डिसेंबर-जानेवारीतील पहाटे बोचऱ्या असतात आणि निफाड तालुक्यातील किमान तापमान काही हिवाळ्यांत ५ अंश सेल्सिअसच्याही खाली उतरलेले आहे. येथे उष्णतेची गरज खोलीला नसून आंघोळीच्या पाण्याला असते. ती गरज आज असंख्य घरांत भिंतीवर टांगलेला गॅस गिझर भागवतो. मध्यवर्ती बॉयलरचे हे येथील धाकटे भावंड होय. दोहोंच्या पेटण्याची रीत जवळपास एकच आहे आणि न पेटण्याची कारणेही बहुतांशी तीच आहेत.

गिझर न पेटणे ही वरकरणी क्षुल्लक बाब आहे. परंतु तो कसाही करून पेटवण्याच्या खटपटीत, किंवा चुकीच्या जागी बसवलेला गिझर सुरळीत पेटत राहिल्यामुळे, नाशिकसह राज्यातील अनेक शहरांत बाथरूममध्ये मृत्यू ओढवलेले आहेत. म्हणून प्रस्तुत लेखात बिघाडाच्या निदानाचा क्रम आणि त्यामागील भौतिकी व रसायनशास्त्र यांचा एकत्रित विचार केला आहे. गिझर न पेटणे हा अनेकदा दोष नसून यंत्राने दिलेला नकार असतो, आणि तो नकार कशासाठी आहे हे समजल्याशिवाय दुरुस्तीस हात घालू नये, हे या विवेचनाचे मुख्य सूत्र आहे.

बंब ते गिझर

गॅस घरोघरी येण्यापूर्वी नाशिकच्या वाड्यांतून पाणी तापवण्याचे काम तांब्याचा बंब करीत असे. तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी नाशिकची ख्याती जुनी आहे. बंबाची रचना साधी, पण विचारपूर्वक केलेली होती. बाहेर पाण्याचे नळकांडे, त्याच्या मधोमध उभी आरपार नळी, नळीच्या तळाशी जाळी आणि बाजूला तोटी. नळीत गोवऱ्या, लाकडाच्या ढलप्या किंवा कोळसा पेटवला की खालच्या जाळीतून थंड हवा वर ओढली जाई आणि धूर नळीच्या तोंडातून बाहेर पडे. बंब पेटत नसे तेव्हा घरातील जाणती बाई प्रथम जाळीखालची राख ओढून काढी. हवेची वाट मोकळी झाली की बंब धरे. हे निदान पुस्तकातील नव्हते, पण शास्त्रशुद्ध होते.

बंब धूर करी, डोळ्यांत पाणी आणी. म्हणून त्याची जागा परसात, अंगणात किंवा मोरीच्या उघड्या बाजूस असे. त्या धुराचा जाच हीच एक प्रकारची राखण होती. बंद खोलीत पेटता बंब घेऊन बसण्याची कल्पनाही कोणाला सुचली नसती. गॅसची ज्योत निळी, निर्धूर आणि जवळजवळ गंधहीन असते. जाच संपला आणि त्याबरोबर इशाराही संपला.

झटपट पाणी तापवणाऱ्या यंत्राचा इतिहास याच धोक्यापासून सुरू होतो. लंडनमधील बेंजामिन वॉडी मॉन या कारागिराने १८६८ मध्ये वायूवर चालणारा जलतापक बनवला आणि आइसलँडमधील उष्ण फवाऱ्याच्या नावावरून त्याला ‘गिझर’ असे नाव दिले. त्या पहिल्या गिझरला ज्वलनातील वायू बाहेर नेणारे धुराडे नव्हते. पुढे अमेरिकेत एडविन रूड आणि जर्मनीत ह्यूगो युंकर्स यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या यंत्रात मोठ्या सुधारणा केल्या. नाव मात्र मॉनचेच टिकले आणि भारतात ते विजेच्या यंत्रालाही चिकटले.

महाराष्ट्रात विजेचा गिझर आधी रुळला होता. १५ लिटरच्या टाकीतील पाणी ३० अंशांनी तापवण्यास २ किलोवॅटच्या कॉइलला सुमारे १६ मिनिटे लागतात. २००५ च्या आगेमागे आणि नंतरची काही वर्षे राज्यात भारनियमनाचे तास वाढले तेव्हा पहाटेच्या वेळी ही १६ मिनिटेही अनिश्चित झाली. दोन सेलवर चालणारा, वीज नसतानाही पाणी देणारा आणि टाकी तापण्याची वाट पाहायला न लावणारा गॅस गिझर त्या काळात मध्यमवर्गीय घरांत शिरला यात नवल नाही. भारतीय मानक संस्थेने एलपीजीवर चालणाऱ्या लहान घरगुती जलतापकांसाठी आयएस १५५५८ हे मानकही २००५ मध्येच प्रसिद्ध केले.

यंत्र पेटते कसे

निदानाचा क्रम समजण्यासाठी पेटण्याचा क्रम आधी पाहणे आवश्यक आहे. गरम पाण्याचा नळ उघडला की गिझरमधून पाणी वाहू लागते. आत एका लवचीक रबरी पडद्याच्या, म्हणजे डायफ्रामच्या, दोन बाजूंवर या प्रवाहामुळे दाबाचा फरक निर्माण होतो. पडदा सरकतो, त्याला जोडलेली दांडी पुढे ढकलली जाते आणि एक छोटी कळ, म्हणजे मायक्रोस्विच, चालू होते. कळ चालू होताच दीड-दीड व्होल्टच्या दोन सेलांची वीज नियंत्रक पेटीकडे जाते. ती पेटी एकाच वेळी दोन कामे करते : उच्च दाबाची ठिणगी पाडते आणि गॅसची विद्युतचुंबकीय झडप उघडते. गॅस बर्नरवर येतो व पेटतो.

येथे क्रम संपत नाही. बर्नरच्या तोंडाशी धातूची एक बारीक सळई असते. ज्योतीत विद्युतभारित कण असल्यामुळे ज्योत वीजवाहक असते. ती सळईला भिडली की काही मायक्रोअँपिअरइतका अतिसूक्ष्म प्रवाह वाहतो. हा प्रवाह मिळाला तरच नियंत्रक पेटी गॅस चालू ठेवते. ठरावीक सेकंदांत न मिळाल्यास झडप बंद करते. पदवीच्या पहिल्या वर्षातील भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्याला दाखवण्याजोगे हे उत्तम उदाहरण आहे, आणि ते त्याच्याच घरात टांगलेले असते.

थोडक्यात पाणी, सेल, ठिणगी, गॅस, ज्योतीची साक्ष अशी ही साखळी आहे. साखळीतील कोणतीही कडी निखळली तरी परिणाम एकच दिसतो : पाणी गार येते. कोणती कडी निखळली हे मात्र आवाजावरून व ज्योतीवरून ओळखता येते.

निदान : प्रथम पाणी, मग गॅस

नळ सोडल्यावर गिझर अजिबात आवाज करीत नसेल तर घरातील पहिली शंका सहसा ‘गॅस संपला’ अशी असते. ती चुकीची आहे. गॅस नसतानाही ठिणगीची टकटक ऐकू येते. कारण गॅसची कडी ठिणगीसोबत येते, तिच्या आधी नाही. पूर्ण शांतता म्हणजे एकतर पाण्याचा प्रवाह पुरेसा नाही किंवा सेल उतरले आहेत. सेल बदलणे सर्वांत सोपे, म्हणून ते प्रथम करावे. दोन्ही एकदम बदलावेत. सेल ठेवण्याच्या खाचेत हिरवट-पांढरी बुरशीसारखी झिलई दिसल्यास ती कोरड्या फडक्याने पुसावी, कारण बाथरूमच्या दमट हवेत धातूची पट्टी गंजते आणि नवे सेलही निरुपयोगी ठरतात.

सेल नवे असूनही शांतता असेल तर पाण्याकडे वळावे. बहुतेक गिझरना पेटण्यासाठी मिनिटाला सुमारे अडीच लिटर प्रवाह लागतो. हे मोजण्यास कोणतेही उपकरण नको. गिझरमधून येणाऱ्या नळाखाली १५ लिटरची बादली ठेवून घड्याळ लावावे. बादली भरण्यास सहा मिनिटांहून अधिक वेळ लागत असेल तर गिझर न पेटण्याचे कारण सापडले असे समजावे.

नाशिकमधील तीन-चार मजली सोसायट्यांत या तक्रारीला एक ठरावीक जागा असते, ती म्हणजे सर्वांत वरचा मजला. पाण्याच्या १० मीटर उंचीने साधारण १ बार दाब मिळतो. गच्चीवरील टाकी वरच्या मजल्याच्या नळापासून दीड-दोन मीटरच उंच असते, म्हणजे दाब ०.१५ ते ०.२ बार एवढाच. तळमजल्यावर तोच गिझर तत्काळ पेटतो. वरच्या मजल्यावरील रहिवासी दोन-तीनदा यंत्र बदलतो आणि प्रत्येक यंत्राला नावे ठेवतो, वास्तविक दोष टाकीच्या उंचीत असतो. दाब वाढवणारा छोटा पंप बसवणे किंवा टाकी उंचावणे हाच तेथे उपाय आहे.

दाब पुरेसा असूनही प्रवाह कमी असेल तर गिझरच्या तळाशी, पाणी आत येते त्या जोडावरील बारीक जाळी काढून पाहावी. शहराला मुख्यतः गंगापूर धरणाचे पाणी मिळते. पावसाळ्यात टाकीच्या तळाशी साचलेला बारीक गाळ हिवाळ्यात या जाळीत अडकतो. ज्या सोसायट्या उन्हाळ्यात विंधनविहिरीचे पाणी मिसळतात तेथे गाळाऐवजी क्षार आढळतात. बेसॉल्ट खडकातील भूजलात कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार असतात. पाणी तापताच त्यांचा पांढरा थर तांब्याच्या नळीत आणि शॉवरच्या छिद्रांत बसतो. शॉवर काढून नुसत्या नळाने गिझर पेटला तर दोष शॉवरचा, हे उघड आहे. एकाच तोटीतून थंड-गरम पाणी मिसळून घेण्याच्या सवयीमुळेही असे घडते : पाणी फार गरम वाटले की थंड बाजू अधिक उघडली जाते, गरम बाजूचा प्रवाह घटतो आणि गिझर मध्येच विझतो. अशा वेळी थंड पाणी वाढवण्यापेक्षा गिझरवरील गॅसची कळ कमी करावी.

याउपर शांतता असेल तर रबरी पडदा कडक झाला आहे किंवा फाटला आहे, अथवा मायक्रोस्विच गंजले आहे. पडदा ही स्वस्त वस्तू आहे. पण तो बदलताना पाण्याचा व गॅसचा भाग वेगळा करावा लागतो, म्हणून ते काम प्रशिक्षित तंत्रज्ञाकडेच द्यावे.

ठिणगीची टकटक स्पष्ट ऐकू येते, परंतु ज्योत दिसत नाही, ही दुसरी अवस्था. आता गॅसची चौकशी योग्य ठरते. सिलिंडर स्वतंत्र नसेल तर स्वयंपाकघरातील शेगडी पेटवून पाहावी. सिलिंडर नुकताच बदलला असेल तर नळीतील हवा निघून जाईपर्यंत पहिले दोन-तीन प्रयत्न वाया जातात. प्रत्येक प्रयत्नानंतर नळ बंद करून मिनिटभर थांबावे, अन्यथा न पेटलेला गॅस साचतो.

हिवाळ्यात आणखी एक गोष्ट घडते, तिचे कारण मात्र क्वचितच लक्षात घेतले जाते. एलपीजी हे प्रोपेन व ब्यूटेन यांचे मिश्रण असते. प्रोपेन उणे ४२ अंशांना उकळते, तर ब्यूटेन शून्य अंशाच्या किंचित खाली. सिलिंडरमधील द्रवाचे वायूत रूपांतर होताना तो द्रव स्वतःचीच उष्णता वापरतो आणि थंड होतो. मिनिटाला ६ लिटर पाणी २५ अंशांनी तापवणाऱ्या गिझरला सुमारे १२ किलोवॅट उष्णता द्यावी लागते, म्हणजे तासाला जवळपास एक किलो गॅस. घरगुती शेगडीच्या एका बर्नरच्या मानाने ही मागणी कितीतरी पट अधिक आहे. सिलिंडर निम्म्याहून अधिक रिकामा असेल आणि पहाटेची हवा गार असेल, तर द्रवाला बाहेरून पुरेशी उष्णता मिळत नाही, दाब घसरतो आणि शेगडी जळत असतानाही गिझर पेटत नाही. सिलिंडरच्या खालच्या भागावर दव जमलेले दिसते, ती याची खूण. अशा वेळी सिलिंडर आडवा करणे, त्यावर उकळते पाणी ओतणे किंवा तो गरम पाण्याच्या घमेल्यात ठेवणे हे प्रकार काही घरांत केले जातात. ते सर्वथा वर्ज्य समजावेत. ऊन वर येईपर्यंत थांबावे किंवा भरलेला सिलिंडर जोडावा.

ज्योत पेटते आणि काही सेकंदांत विझते, ही तिसरी अवस्था सर्वांत महत्त्वाची आहे. येथे यंत्राने सर्व कड्या तपासल्या आहेत आणि शेवटच्या साक्षीवर ते अडले आहे. साधे कारण असे की सळईवर काजळी बसली आहे किंवा तिची तार सैल झाली आहे. अर्धवट उतरलेले सेलही हाच परिणाम घडवतात. ते ठिणगी पाडू शकतात, पण झडप उघडी धरून ठेवू शकत नाहीत. तथापि काजळी आली कोठून, हा प्रश्न तंत्रज्ञाने सळई पुसल्यानंतरही शिल्लक राहतो. निळ्या ज्योतीची काजळी होत नाही. काजळी आहे याचा अर्थ ज्योत पिवळी आहे, आणि ज्योत पिवळी आहे याचा अर्थ तिला हवा कमी पडत आहे.

हवा कमी पडण्याचे एक कारण अगदी किरकोळ असते. मार्च ते ऑक्टोबर गिझर बंद असतो. त्या काळात बर्नरच्या नळ्यांत कोळी जाळी विणतात, धूळ बसते. नाशिकमध्ये बहुतेक घरांत हंगामातील पहिला गिझर नरक चतुर्दशीच्या अभ्यंगस्नानासाठी, अंधारात आणि घाईत पेटवला जातो. बर्नर साफ करण्यासाठी दिवाळीपूर्वीचा एखादा दिवस ठेवणे यास्तव इष्ट. पेटताना ‘भप्प’ असा आवाज होत असेल तर गॅस साचून उशिरा पेटतो आहे. तो गिझर तपासणी होईपर्यंत वापरू नये.

सौर जलतापकाला जोडलेल्या गॅस गिझरची एक वेगळीच तक्रार असते. गच्चीवरून आधीच कोमट झालेले पाणी गिझरमध्ये आले की ते लवकर अतितप्त होते आणि उष्णतारोधक कळ गॅस तोडते. यंत्र ठीक असते. तापमानाची कळ कमी करावी एवढेच. तसेच अनेक गिझर सलग पंधरा-वीस मिनिटांनंतर आपोआप बंद होतात. हाही बिघाड नाही. त्या घड्याळाचा हेतू पुढील विवेचनातून स्पष्ट होईल.

खोलीतील हवेचा हिशोब

एक किलो एलपीजी पूर्णपणे जळण्यास साधारण १२ ते १३ घनमीटर हवा लागते. सहा फूट लांब, चार फूट रुंद व आठ फूट उंच अशा सामान्य बाथरूमचे आकारमान १९२ घनफूट, म्हणजे सुमारे ५.४ घनमीटर भरते. पंधरा मिनिटांच्या आंघोळीत गिझर पाव किलो गॅस जाळतो आणि त्यासाठी तीन घनमीटरहून अधिक हवा वापरतो. दार-खिडकी बंद असलेल्या बाथरूममधील अर्ध्याहून जास्त हवेतील प्राणवायू एका आंघोळीत संपावा, असा हा हिशोब आहे. प्रत्यक्षात दाराखालच्या फटीतून थोडी हवा येते, म्हणूनच बहुतेक लोक बहुतेक दिवशी सुखरूप बाहेर येतात. थंडी वाढली की खिडकीची काच लावली जाते, फटीत पायपुसणे सरकवले जाते, एकामागून एक तिघे-चौघे आंघोळ करतात, आणि शेवटच्याच्या वाट्याला उरलेली हवा येते.

प्राणवायूचे हवेतील प्रमाण २१ टक्क्यांवरून थोडेसे जरी खाली उतरले तरी ज्वलन अपुरे होऊ लागते आणि कार्बन डायऑक्साइडबरोबर कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. एलपीजीत गळती ओळखण्यासाठी मिसळलेला उग्र वास ज्वलनात नष्ट होतो, त्यामुळे ‘वास आला असता’ हा युक्तिवाद येथे लागू पडत नाही. हा वायू जमिनीलगत साचतो, असा समजही चुकीचा आहे. तसे एलपीजीचे होते, कारण तो हवेपेक्षा जड आहे. कार्बन मोनॉक्साइड हवेपेक्षा किंचित हलका असून खोलीभर मिसळतो.

फ्रेंच शरीरशास्त्रज्ञ क्लोद बेर्नार यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास दाखवून दिले की हा वायू रक्तातील प्राणवायूची जागा घेतो. हिमोग्लोबिनशी त्याची बांधणी प्राणवायूच्या दोनशे पटींहून अधिक घट्ट असते. हवेच्या दहा लाख भागांत त्याचे १,६०० भाग असतील तर वीस मिनिटांत डोकेदुखी, चक्कर व मळमळ सुरू होते आणि तासाभरात मृत्यू संभवतो. ३,२०० भाग असल्यास तोच अवधी अर्ध्या तासावर येतो. सर्वांत घातक बाब अशी की प्रथम पायांतील शक्ती व निर्णयशक्ती जाते. दार उघडावे असे वाटेपर्यंत कडीपर्यंत हात पोचत नाही.

यावरून वर उल्लेखिलेल्या संरक्षक कड्यांचा हेतू ध्यानात येतो. पंधरा-वीस मिनिटांचे घड्याळ खोलीतील हवेला सावरण्यास वेळ देते. काही गिझरमध्ये प्राणवायू घटताच गॅस तोडणारी योजना असते. खिडकी बंद असताना विझणारा आणि खिडकी उघडताच पेटणारा गिझर बिघडलेला नाही. त्याने खोलीचे निदान केले आहे. असे असता, ‘सारखा बंद पडतो’ या तक्रारीवर कळेच्या दोन तारा परस्पर जोडून देणे हा दुरुस्तीचा प्रकार अत्यंत निंद्य होय. ग्राहक समाधानी होतो, पाणी अखंड येते आणि राखणदार तेवढा नाहीसा होतो.

ब्रिटनमध्ये १९९८ च्या गॅस सुरक्षा नियमांनुसार बाथरूममध्ये केवळ बंदिस्त ज्वलनकक्षाचे उपकरण बसवता येते, म्हणजे जे बाहेरची हवा नळीने आत घेते व धूर नळीनेच बाहेर सोडते. मोबदला घेऊन गॅस उपकरणाचे काम करणाऱ्याची नोंदणीही तेथे सक्तीची आहे. तेथे राहणाऱ्या मराठी कुटुंबांना बॉयलर बंद पडल्यावर नोंदणीकृत तंत्रज्ञाची वाट पाहावी लागते. त्याआधी स्वतः करण्याजोग्या गोष्टी म्हणजे विजेची कळ, थर्मोस्टॅट आणि दाबमापकावरील १ ते १.५ बारची खूण पाहणे, आणि कडाक्याच्या थंडीत बाहेर जाणारी पाण्याची बारीक नळी गोठली आहे काय ते तपासणे. बॉयलरचे झाकण उघडण्याची परवानगी घरमालकालाही नसल्यासारखीच असते. आपल्याकडे झाकण कोणीही उघडतो.

जागा

सर्वसाधारणपणे उत्पादकांच्या सूचनापत्रकांत गिझर हवेशीर जागी, बाथरूमबाहेर बसवण्यास सांगितलेले असते. नाशिकमधील सदनिकांत यासाठी स्वाभाविक जागा म्हणजे ड्राय बाल्कनी. तेथून गरम पाण्याची नळी बाथरूममध्ये आणण्याचा खर्च यंत्राच्या किमतीच्या मानाने फार नसतो. मात्र पावसापासून बचावासाठी त्याच बाल्कनीला सरकत्या काचा लावल्या की ती पुन्हा बंद खोली होते आणि तिचे दार स्वयंपाकघरात उघडते. बाथरूमच्या डक्टमध्ये धूर सोडणेही निर्धोक नाही, कारण त्या डक्टमध्ये वरच्या घरांच्या खिडक्या असतात. बंद दारामागे एक्झॉस्ट पंखा लावल्याने प्रश्न सुटतो असे समजू नये. आत येणाऱ्या हवेला वाट नसेल तर पंखा गिझरचा धूरच खाली खोलीत ओढू शकतो. खाली एक आणि वर एक अशा दोन कायम उघड्या जाळ्या हव्यात. बंबाची जाळी आणि बंबाचे तोंड यांचेच हे रूप आहे.

शहरात अलीकडे नळाद्वारे नैसर्गिक वायू येऊ लागला आहे. एलपीजीचा गिझर त्या वायूवर तसाच चालत नाही. घरातील नैसर्गिक वायूचा दाब साधारण २१ मिलिबार, तर एलपीजीचा ३० मिलिबार असतो; शिवाय दोहोंची उष्णता आणि लागणारी हवा भिन्न आहे. जोडणी बदलताना बर्नरची जेट बदलून ज्योत पुन्हा जुळवणे अनिवार्य आहे, आणि ज्या गिझरसाठी तशी जेट मिळत नाही तो काढून टाकणे भाग आहे. रबरी सुरक्षा नळी दर पाच वर्षांनी बदलावी. गॅसगळतीसाठी १९०६ हा दूरध्वनी क्रमांक उपलब्ध आहे.

महाविद्यालयीन अध्यापकांच्या दृष्टीने विशेष चिंतेची बाब म्हणजे विद्यार्थ्यांच्या भाड्याच्या खोल्या. कॉलेज रोड, गंगापूर रोड या परिसरांत बाहेरगावचे विद्यार्थी तीन-चारच्या गटाने राहतात. गिझर घरमालकाने कधीकाळी बसवलेला, बाथरूम लहान, आणि सकाळच्या तासिकेसाठी सर्वांची आंघोळ एकापाठोपाठ. भाडेकरू बदलतात, गिझर तोच राहतो. वसतिगृहाच्या अधीक्षकांनी अशा खोल्यांबाबत विद्यार्थ्यांना एवढे तरी विचारावे : गिझर बाथरूमच्या आत आहे काय, आणि त्याची ज्योत कोणत्या रंगाची आहे.

विषबाधेची लक्षणे ओळखण्यात होणारी गल्लतही नोंदवणे आवश्यक आहे. भारतीय मेंदूविकारतज्ज्ञांनी आपल्या शोधनिबंधांतून असे रुग्ण नोंदवले आहेत की जे आंघोळीच्या वेळी बेशुद्ध पडले किंवा ज्यांना झटका आला, आणि ज्यांच्यावर काही काळ अपस्माराचे उपचार झाले. कारण बाथरूममधील गिझरविषयी कोणी विचारलेच नव्हते. बोटाला लावण्याचे ऑक्सिमीटर येथे फसवते, कारण ते कार्बन मोनॉक्साइडने व्यापलेल्या हिमोग्लोबिनलाही प्राणवायूयुक्त समजते आणि ९८ टक्के असा दिलासा देणारा आकडा दाखवते. निदान रक्तातील कार्बॉक्सिहिमोग्लोबिनच्या तपासणीनेच होते. बाथरूममधून प्रतिसाद येत नसेल तर दार तोडावे, शक्य तेवढा वेळ श्वास रोखून आत जावे, गिझर बंद करून त्या व्यक्तीस मोकळ्या हवेत आणावे आणि श्वास चालू नसल्यास कृत्रिम श्वासोच्छ्वास सुरू करावा. साध्या हवेत रक्तातील हा वायू निम्मा होण्यास चार ते सहा तास लागतात, शुद्ध प्राणवायूवर सुमारे एक ते दीड तास. म्हणून शुद्धीवर आलेल्या रुग्णालाही रुग्णालयात नेणे आवश्यक असते. स्मृतिभ्रंश, चालण्यातील अस्थिरता, स्वभावातील बदल ही लक्षणे काही रुग्णांत दोन ते सहा आठवड्यांनंतर प्रकट होतात, आणि तोवर गिझरचा प्रसंग डॉक्टरांना सांगण्याचे घरच्यांना आठवतेच असे नाही. तो रुग्णालयाच्या कागदपत्रांत पहिल्याच दिवशी लिहून घ्यावा.